बारीक अंगकाठी, तरीही मधुमेह: पुण्याजवळच्या सहा गावांतून मिळालेले उत्तर

पुणे परिसरातील सहा खेड्यांत नव्वदच्या दशकात जन्मलेल्या मुलामुलींची, ती अठरा वर्षांची झाल्यावर, रक्तातील साखर तपासण्यात आली. शेतकरी कुटुंबांत वाढलेली ही मुले अंगाने बारीक होती. त्यांच्यापैकी ४८ टक्के तर वैद्यकीय निकषांनुसार कमी वजनाची होती. मधुमेह हा खात्यापित्या घरचा, पोट सुटलेल्या आणि पन्नाशीकडे झुकलेल्या माणसाचा आजार, ही समजूत खरी असती तर अशा गटात साखर वाढलेले फारसे कोणी सापडायला नको होते. प्रत्यक्षात ३७ टक्के मुलगे आणि १८ टक्के मुली यांच्या रक्तातील साखर सामान्य मर्यादेच्या वर निघाली. यांतील बहुतेक जण मधुमेहाच्या नव्हे, तर त्याच्या अलीकडच्या, म्हणजे पूर्वमधुमेहाच्या टप्प्यावर होते. पण अठराव्या वर्षी आणि तेही इतक्या किरकोळ देहयष्टीत हा टप्पा गाठला जावा, हेच मुळात कोडे आहे. त्या कोड्याचे बरेचसे उत्तर या मुलांच्या ताटात नसून त्यांच्या आयांच्या ताटात सापडते, आणि तेही मूल पोटात असतानाच्या, किंबहुना त्याआधीच्या काळातल्या.

हे उत्तर समजण्यासाठी शरीर साखरेचा हिशोब कसा ठेवते ते आधी पाहावे लागेल. भाकरी, भात किंवा पोळी यांतील पिष्टाचे आतड्यात ग्लुकोज होते आणि ते रक्तात उतरते. रक्तातील ग्लुकोज वाढू लागले की स्वादुपिंडातील बीटा पेशी इन्सुलिन सोडतात. इन्सुलिन हा एक निरोप असतो: साखर आली आहे, ती उचलून घ्या. या निरोपावर साखरेचा मोठा वाटा स्नायू उचलतात, आणि यकृत स्वतःची साखर तयार करण्याचे काम आवरते घेते. यात दोन ठिकाणी बिघाड होऊ शकतो. एक तर स्नायू, यकृत आणि चरबी यांच्या पेशी निरोपाला पुरेसा प्रतिसाद देईनाशा होतात. यालाच इन्सुलिन-प्रतिरोध म्हणतात. किंवा निरोप पाठवणाऱ्या बीटा पेशीच अपुऱ्या पडतात. पहिला बिघाड एकटा असेल तर स्वादुपिंड जास्त इन्सुलिन सोडून वेळ मारून नेते आणि तपासणीच्या कागदावर सारे आलबेल दिसते. ही भरपाई जमेनाशी झाली की उपाशीपोटी साखर १०० मिलिग्रॅमच्या वर सरकते, आणि १२६ ला पोहोचली की तिला मधुमेह म्हणतात. म्हणजे मधुमेहाला मागणी आणि पुरवठा अशा दोन बाजू आहेत. लठ्ठपणा मागणी वाढवतो. जन्मापूर्वीचे कुपोषण मागणी वाढवतेच, पण पुरवठ्याची कुवतही घटवते, आणि बारीक माणसाचा मधुमेह समजायचा तर ही दुसरी बाजू ध्यानात ठेवावी लागते.

हा प्रश्न किती माणसांचा आहे, तेही नोंदवले पाहिजे. भारतीय आयुर्विज्ञान अनुसंधान परिषदेने देशभर केलेल्या आणि २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या पाहणीनुसार देशात २०२१ साली सुमारे १०.१ कोटी लोक मधुमेही आणि सुमारे १३.६ कोटी लोक पूर्वमधुमेही असावेत. सर्व राज्यांत मधुमेहाचे सर्वाधिक प्रमाण गोव्यात आढळले: प्रौढांमध्ये २६.४ टक्के, म्हणजे दर चौघांत एकाहून थोडे अधिक.

आता वजनाकडे येऊ. माणूस लठ्ठ आहे की नाही हे ठरवण्यासाठी किलोतील वजनाला मीटरमधील उंचीच्या वर्गाने भागतात. या गुणोत्तराला बॉडी मास इंडेक्स किंवा नुसते बीएमआय म्हणतात. ते सोपे आहे आणि म्हणूनच सर्वत्र वापरले जाते, परंतु वजनात हाड किती, स्नायू किती आणि चरबी किती, हे त्यातून कळत नाही. २००४ साली ‘द लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात एक छोटे टिपण आणि त्यासोबत दोन डॉक्टरांचे छायाचित्र प्रसिद्ध झाले. एक होते पुण्याच्या के. ई. एम. रुग्णालयातील मधुमेहतज्ज्ञ डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि दुसरे लंडनचे डॉ. जॉन युडकिन. दोघांचा बीएमआय अगदी सारखा, २२.३. मात्र शरीरातील चरबी मोजली तेव्हा युडकिन यांच्या अंगात ती ९.१ टक्के, तर याज्ञिकांच्या अंगात २१.२ टक्के भरली. युडकिन मॅरेथॉन धावणारे होते, आणि याज्ञिकांचा मुख्य व्यायाम म्हणजे रुग्णालयाच्या लिफ्टचे दार मिटण्याआधी ती गाठणे, अशी कबुली त्याच टिपणात मिश्कीलपणे दिलेली आहे. त्यामुळे सगळा दोष वंशावर किंवा जन्मावर टाकता येत नाही. पण भारतीयांच्या बाबतीत वजनकाटा अर्धेच सांगतो, हा त्या छायाचित्राचा मुद्दा पुढच्या अनेक मोजमापांतून पक्का झाला. आशियाई लोकांसाठी बीएमआयची धोक्याची रेषा २५ ऐवजी २३ वर आणण्यामागे हेच कारण आहे.

अंगात चरबी किती आहे यापेक्षाही ती कुठे साठली आहे, याला जास्त महत्त्व आहे. दंड, मांड्या आणि नितंब यांच्या त्वचेखालची चरबी हे शरीराचे बऱ्यापैकी सुरक्षित कोठार असते. हे कोठार लहान असले किंवा भरून गेले की जादा चरबी पोटाच्या पोकळीत, यकृतात आणि स्नायूंच्या आत जाऊन बसते, आणि तिथे ती इन्सुलिनच्या कामात अडथळा आणते. शिवाय साखरेचा मोठा वाटा स्नायू उचलत असल्यामुळे ज्याच्या अंगावर मांस कमी, त्याच्याकडे साखर ठेवायला जागाही कमी. हातपाय काटकुळे आणि कमरेचा पट्टा मात्र दरवर्षी एक भोक पुढे सरकतो आहे, असे गृहस्थ आपल्या प्रत्येकाच्या नात्यात असतात. ‘अंगाला काही लागतच नाही’ असे त्यांच्याबद्दल घरात कौतुकाने किंवा काळजीने म्हटले जाते, आणि मधुमेहाची तपासणी करून घेण्याचा सल्ला त्यांना सर्वांत शेवटी मिळतो.

ही शरीररचना बसून खाण्याने बळावते यात शंका नाही. पण ती सुरू कधी होते? या प्रश्नाचा पहिला धागा इंग्लंडमध्ये सापडला. हर्टफर्डशर परगण्यात १९११ सालापासून सुईणी आणि आरोग्यसेविका प्रत्येक बाळाचे जन्मवजन आणि ते वर्षाचे झाल्यावरचे वजन वहीत टिपून ठेवत असत. साउदॅम्प्टनच्या डेव्हिड बार्कर यांनी अनेक दशकांनंतर या वह्या शोधून काढल्या आणि त्यांतील मुले म्हातारपणी कशी आहेत, किती जण हृदयविकाराने गेले, याचा माग काढला. जन्मतः लहान असलेल्या बाळांमध्ये पुढे हृदयविकाराने होणारे मृत्यू अधिक होते, आणि साठी ओलांडल्यावर रक्तातील साखर बिघडलेले लोकही त्यांच्यात अधिक होते. यावरून बार्कर आणि केंब्रिजचे निकोलस हेल्स यांनी १९९२ साली एक मांडणी केली. गर्भाला पोषण कमी पडले की तो काटकसरीने वाढतो. मेंदू वाचवण्यासाठी स्नायू, यकृत, मूत्रपिंड आणि स्वादुपिंड यांच्या वाढीत कपात करतो. अशा देहाला पुढेही तुटपुंजेच मिळत राहिले तर फारसे बिघडत नाही. भरपूर मिळू लागले की तो गडबडतो. दुसऱ्या महायुद्धात १९४४-४५ च्या हिवाळ्यात नेदरलँड्सच्या पश्चिम भागात जी उपासमार झाली, तिच्या काळात गर्भात असलेल्या मुलांमध्येही मोठेपणी साखर नीट न हाताळण्याचे प्रमाण जास्त आढळले.

हर्टफर्डशरची माणसे साठीला पोहोचल्यावर जे दिसले, ते पुण्यात चार वर्षांच्या मुलांमध्ये दिसू लागले. के. ई. एम. रुग्णालयात जन्मलेल्या मुलांची चौथ्या वर्षी तपासणी केली असता, जन्मतः कमी वजनाच्या मुलांमध्ये ग्लुकोज दिल्यानंतर साखर आणि इन्सुलिन दोन्ही जास्त चढत होते. तेव्हा मागे वह्या धुंडाळण्यापेक्षा पुढे पाहत जावे, म्हणजे लग्न झालेल्या स्त्रियांपासून सुरुवात करून त्यांची गर्भारपणे, बाळंतपणे आणि मुले यांचा वर्षानुवर्षे मागोवा घ्यावा, असे ठरले. १९९३ साली सुरू झालेली पुणे मॅटर्नल न्यूट्रिशन स्टडी ती हीच. आरंभी उल्लेखिलेली अठरा वर्षांची मुले याच अभ्यासातली.

या अभ्यासातील स्त्रियांचे गरोदर होण्यापूर्वीचे सरासरी वजन सुमारे ४२ किलो होते, उंची सुमारे १५२ सेंटीमीटर. गरोदरपणाच्या अठराव्या आठवड्यात त्यांचा दिवसभराचा आहार सरासरी १,८०० उष्मांकांच्या आतबाहेर होता, आणि शेतातली व घरातली कामे चालूच होती. बाळाचे सरासरी वजन भरले सुमारे २.७ किलो, त्याच पद्धतीने मोजलेल्या साउदॅम्प्टनच्या बाळांचे होते ३.५ किलो. इथपर्यंत नवल नाही. नवल पुढच्या मोजमापांत होते. इंग्लिश बाळांच्या तुलनेत पुण्याच्या बाळांचा दंडघेर आणि पोटाचा घेर बराच कमी होता. म्हणजे स्नायू आणि पोटातले अवयव यांची वाढ सर्वांत जास्त मार खाऊन गेली होती. डोके आणि लांबी यांचे नुकसान त्याहून कमी होते. आणि पाठीवर खांद्याच्या फऱ्याखाली चिमटीत धरून मोजलेली त्वचेखालची चरबी मात्र जवळपास इंग्लिश बाळांइतकीच होती. वजन तीन चतुर्थांश, पण चरबीत फारशी तूट नाही. २००३ साली प्रसिद्ध झालेल्या या निरीक्षणाला संशोधकांनी ‘थिन-फॅट’ बाळ असे नाव दिले: बारीक, तरीही चरबीयुक्त. नाळेच्या रक्ताच्या वेगळ्या तपासणीतही लंडनच्या गोऱ्या बाळांशी तुलना करता, वजनाच्या मानाने पुण्याच्या बाळांमध्ये इन्सुलिन आणि चरबीच्या पेशींतून स्रवणारे लेप्टिन अधिक आढळले. बाळाने अजून पहिला घास खाल्लेला नसताना हे घडलेले होते.

‘स्नायू कमी, चरबी शाबूत’ हा सौदा गर्भ का करतो, याविषयी मते अनेक आहेत. उष्मांक जेमतेम मिळत असतील आणि स्नायू बांधायला लागणारी प्रथिने व सूक्ष्म पोषकद्रव्ये त्याहून दुर्मिळ असतील, तर जी ऊर्जा हाताशी आहे ती चरबीच्या रूपाने साठवण्यापलीकडे शरीराजवळ पर्याय उरत नाही, ही मांडणी मला सर्वांत पटते. तिला आधारही आहे. या अभ्यासात आईने किती उष्मांक आणि किती प्रथिने खाल्ली यांचा बाळाच्या आकाराशी फारसा संबंध दिसला नाही. संबंध दिसला तो हिरव्या पालेभाज्या, फळे आणि दूध किती वेळा खाल्ले-प्यायले याच्याशी. पोट भरणे आणि पोषण होणे यांतला फरक इथे आकड्यांत उतरला.

याच ठिकाणी ब-१२ जीवनसत्त्वाची गोष्ट सुरू होते, आणि महाराष्ट्रासाठी तीच सर्वांत महत्त्वाची आहे. अभ्यासातील सुमारे दोन तृतीयांश गर्भवतींच्या रक्तात हे जीवनसत्त्व कमी होते. याच जोडीचे दुसरे जीवनसत्त्व म्हणजे फोलेट, त्याची कमतरता मात्र जवळजवळ कोणातच नव्हती, कारण ते पालेभाज्या, डाळी आणि सरकारी केंद्रांतून मिळणाऱ्या लोहाच्या गोळ्यांतून मिळते. पुणे भागातील ४४१ पुरुषांच्या दुसऱ्या पाहणीत ६७ टक्के पुरुष ब-१२ च्या बाबतीत उणे निघाले, आणि गंमत अशी की खेड्यातल्या किंवा झोपडपट्टीतल्या पुरुषांपेक्षा शहरी मध्यमवर्गीयांची अवस्था वाईट होती. त्यांच्यात हे प्रमाण ८१ टक्के होते. पैसा असूनही न मिळणारे पोषण म्हणतात ते हे.

याचे कारण जीवनसत्त्वाच्या स्वभावातच आहे. ब-१२ ना वनस्पती तयार करतात ना प्राणी. ते फक्त काही सूक्ष्मजीव तयार करतात. गाईम्हशींच्या पोटातले जिवाणू ते बनवतात आणि ते दूध, मांस यांत उतरते. मासे, अंडी यांतूनही ते मिळते. धान्य, डाळी, भाजी आणि फळे यांत ते जवळजवळ नसतेच. आंबवलेल्या पदार्थांत, म्हणजे इडलीत किंवा आंबिलीत, ते भरपूर असते असे पुष्कळदा सांगितले जाते, पण त्यावर विसंबता येत नाही. स्पिरुलिनाच्या गोळ्यांत जे असते ते बहुतांशी ब-१२ सारखे दिसणारे, परंतु आपल्या शरीराला निरुपयोगी असे द्रव्य असते. तेव्हा शुद्ध शाकाहारी माणसाला उरते दूध. शंभर मिलिलिटर दुधात हे जीवनसत्त्व अंदाजे ०.४ मायक्रोग्रॅम असते आणि आपल्या देशात प्रौढांसाठी शिफारस आहे दिवसाला २.२ मायक्रोग्रॅमची. म्हणजे रोज अर्धा लिटरहून अधिक दूध, दही किंवा ताक पोटात जायला हवे, आणि दूध पुन्हा पुन्हा तापवण्यात काही भाग नष्ट होतो ते वेगळेच. चहात घातलेल्या चार चमचे दुधावर हा हिशोब जुळत नाही. मांसाहारी म्हणवणाऱ्या घरांतही सोमवार, गुरुवार, एकादशी, श्रावण आणि नवरात्र वगळले तर मांस किंवा मासे ताटात किती वेळा येतात, आणि आले तरी शेवटी जेवायला बसणाऱ्या सुनेच्या वाट्याला त्यातले किती येते, हे ज्याने त्याने आपल्या घरापुरते आठवून पाहावे.

ब-१२ आणि फोलेट मिळून शरीरात एका कार्बन अणूच्या तुकड्यांची, म्हणजे मिथिल गटांची, ने-आण करतात. हे तुकडे डीएनए तयार करण्यासाठी लागतातच, शिवाय कोणते जनुक चालू ठेवायचे आणि कोणते मिटून ठेवायचे याच्या खुणा डीएनएवर करण्यासाठीही लागतात. पेशी झपाट्याने वाढत असताना, म्हणजे गर्भात, या व्यवहारात तूट आली तर तिचे पडसाद दीर्घकाळ राहू शकतात. पुण्याच्या अभ्यासातील मुले सहा वर्षांची झाली तेव्हा असे दिसले की, ज्यांच्या आयांचे फोलेट गरोदरपणात वरच्या पातळीवर होते आणि ब-१२ मात्र कमी, त्यांच्यात इन्सुलिन-प्रतिरोध सर्वांत जास्त होता. आईच्या रक्तात फोलेट जितके अधिक, तितकी मुलाच्या अंगात चरबीही अधिक होती. २००८ साली हा निष्कर्ष प्रसिद्ध झाला तेव्हा त्याने बरीच खळबळ उडवली, कारण गर्भवतींना फोलिक ॲसिड, म्हणजे गोळीतले फोलेट, देणे हा जगभरचा मान्य रिवाज आहे. त्यातून ‘गोळ्या बंद करा’ असा अर्थ काढणे घातक ठरेल. बाळाच्या मणक्याचे व मेंदूचे जन्मजात दोष फोलिक ॲसिडने बऱ्याच अंशी टळतात, आणि मज्जारज्जू व मेंदू ज्या नळीपासून बनतात ती गर्भधारणेनंतरच्या पहिल्या चार आठवड्यांतच मिटत असल्याने ती गोळी खरे तर दिवस राहण्याच्या आधीपासूनच घ्यायला हवी. निष्कर्षाचा रोख इतकाच की जोडीतले एक चाक फिरवत राहून दुसरे जाम ठेवले तर गाडी सरळ चालत नाही. शिवाय हा निरीक्षणातून निघालेला संबंध आहे. त्याने कारण सिद्ध होत नाही, संशय बळावतो.

जन्मानंतर काय होते, याबद्दल एक अप्रिय गोष्ट सांगायला हवी. लहान जन्मलेल्या बाळाने लवकर बाळसे धरावे म्हणून घरातली सगळी माणसे झटतात, आणि पहिल्या दोन वर्षांपर्यंत ते योग्यही आहे. मात्र दिल्लीत जन्मापासून तिशीपर्यंत पाठपुरावा केलेल्या सुमारे दीड हजार जणांच्या अभ्यासात, तरुणपणी मधुमेह किंवा पूर्वमधुमेह झालेल्यांची एक खास चाल दिसली: दोन वर्षांपर्यंत ती मुले बारीक होती आणि त्यानंतर त्यांचा बीएमआय इतरांपेक्षा सतत वर चढत गेला. लक्षात घेण्याजोगी गोष्ट म्हणजे बालपणी त्यांच्यातले जवळजवळ कोणीच निकषांनुसार लठ्ठ नव्हते. स्वतःच्या आधीच्या आकाराच्या मानाने ती गुटगुटीत होत गेली, आणि गुटगुटीत मूल म्हणजे निरोगी मूल असे मानणाऱ्या, त्याच्या स्पर्धा भरवून बक्षिसे देणाऱ्या आपल्या समाजात हा इशारा कानावर पडणे अवघडच आहे.

हे सारे अनुवांशिक नाही कशावरून, असा आक्षेप येतो आणि तो रास्त आहे. मधुमेहाला जनुकांची बाजू आहेच. पण जनुके तीच ठेवून केवळ पोषण बदलले तर काय होते, याचे एक उदाहरण उंदरांवरील एका प्रयोगात मिळते. तिथे उंदरांच्या एका वंशाला तब्बल ५० पिढ्या अर्धपोटी ठेवण्यात आले होते. या उंदरांचा अभ्यास आनंदवर्धन हर्डीकर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१५ साली प्रसिद्ध केला. जन्मतः लहान, रक्तात इन्सुलिन जास्त, ब-१२ आणि फोलेट कमी, आणि मधुमेहाकडे कल असलेले असे हे उंदीर होते. नंतरच्या दोन पिढ्यांना पोटभर खायला दिल्यावरही ते पूर्ववत झाले नाहीत, उलट त्यांच्या अंगावर चरबी चढली. उंदरांवरून माणसांविषयी थेट बोलू नये हे खरे, पण दुष्काळ पाठीशी घेऊन आलेल्या आणि एक-दोन पिढ्यांत बेकरी, बिस्किटे आणि दुचाकीपर्यंत पोहोचलेल्या समाजाला हे वर्णन ओळखीचे वाटल्यावाचून राहत नाही.

ज्यांचा जन्म होऊन गेला आहे त्यांनी काय करायचे, हा प्रश्न उरतोच. वजनकाट्याबरोबर शिंप्याचा फीत-टेपही वापरावा. शेवटची बरगडी आणि कमरेचे हाड यांच्या मधोमध, श्वास सोडून मोजलेला घेर पुरुषांत ९० आणि स्त्रियांत ८० सेंटीमीटरच्या वर असेल तर बीएमआय कितीही समाधानकारक दिसला तरी साखर तपासावी. घरात कोणाला मधुमेह असेल किंवा स्वतःचे जन्मवजन कमी होते असे आई सांगत असेल, तर तिशीच्या आसपासच तपासावी. बारीक माणसाला ‘वजन कमी करा’ हा सल्ला लागू पडत नाही. त्याला स्नायू वाढवण्याची गरज असते, म्हणजे चालण्याच्या जोडीला जोर-बैठका, वजने उचलणे किंवा अंगमेहनतीचे काम, आणि ताटात भाताचा ढीग थोडा कमी करून डाळ, उसळ, दही, अंडे किंवा मासे यांना जागा. मेटफॉर्मिन घेणाऱ्यांनी आणखी एक गोष्ट ध्यानात ठेवावी. हे औषध उत्तम आणि स्वस्त आहे, पण दीर्घकाळ घेतल्यास ते ब-१२ चे शोषण कमी करते, आणि पायांना येणाऱ्या मुंग्या मधुमेहाच्याच आहेत असे धरून बसल्यास उपचाराने बरी होण्याजोगी कमतरता तशीच राहून जाते. ब-१२ ची रक्ततपासणी शक्य नसेल तर निदान डॉक्टरांना तसे विचारावे.

पण मुळावर घाव घालायचा तर तो गर्भधारणेच्या आधी घालावा लागतो, आणि तसे प्रयत्न याच राज्यात झाले आहेत. मुंबईच्या झोपडपट्ट्यांतील स्त्रियांना दिवस राहण्याच्या आधीपासून पालेभाजी, फळे आणि दूध यांपासून केलेला एक खाऊ रोज देण्याचा प्रयोग २००६ सालापासून काही वर्षे चालला; तुलनेच्या गटाला कांदे-बटाट्यांसारख्या कमी पोषणमूल्यांच्या भाज्यांचा खाऊ दिला गेला. बाळांचे वजन वाढेल ही अपेक्षा फारशी पुरी झाली नाही. सरसकट पाहता फरक नगण्य होता, आणि गर्भधारणेपूर्वी किमान तीन महिने खाऊ खाल्लेल्यांच्या बाळांत तो ४८ ग्रॅमच्या आसपास होता. मात्र गरोदरपणात होणाऱ्या मधुमेहाचे प्रमाण १२.४ टक्क्यांवरून ७.३ टक्क्यांवर आले, आणि वजनातल्या त्या थोड्याशा ग्रॅमांपेक्षा ही गोष्ट मला अधिक मोलाची वाटते, कारण गर्भारपणी आईची साखर चढलेली असेल तर तीही बाळाच्या अंगावर चरबी चढवते आणि त्याला पुढे मधुमेहाकडे ढकलते. कुपोषित आईचे बाळ आणि मधुमेही आईचे बाळ अशा दोन टोकांकडून आपण एकाच ठिकाणी येऊन पोहोचतो. खेड्यातली किरकोळ मुलगी लग्न करून शहरात येते, तिथे तिचे वजन वाढते आणि गरोदरपणी तिची साखर चढते, तेव्हा ही दोन्ही टोके एकाच स्त्रीच्या शरीरात येऊन मिळालेली असतात.

दुसरा प्रयोग त्याच सहा गावांतला आहे. १९९३ नंतर जन्मलेली बाळे २०१२ साली वयात आलेली होती. त्यांच्यातील मुलामुलींना रोज केवळ २ मायक्रोग्रॅम ब-१२ देण्यास सुरुवात झाली. काहींना त्याबरोबर इतर सूक्ष्म पोषकद्रव्ये, तर काहींना तुलनेसाठी नुसतीच निष्क्रिय गोळी. ही मात्रा बाजारात मिळणाऱ्या हजार-दीड हजार मायक्रोग्रॅमच्या गोळ्यांपुढे चिमूटभरही नाही. ती मुद्दाम आहारातून मिळू शकेल इतकीच ठेवलेली होती. या मुलींची पुढे लग्ने झाली, आणि पहिल्या बाळंतपणापर्यंत त्या गोळ्या घेत राहिल्या. त्यांची मुले दोन वर्षांची झाल्यावर घेतलेल्या चाचण्यांत, ज्यांच्या आयांना फक्त ब-१२ मिळाले होते ती मुले आकलन आणि भाषा या दोन बाबतींत निष्क्रिय गोळीच्या गटातील मुलांपेक्षा पुढे होती. साखरेचा निकाल यायला अजून अवकाश आहे, कारण ही तिसरी पिढी अजून शाळेत जाते आहे.